क्युबातली जुनी गावं आणि 'कासा पार्तिकुलार' नावाचं प्रकरण

आधी एक क्लिअर करतो, या जुन्या गावांतलं त्रिनिदाद म्हणजे क्रिकेटवालं त्रिनिदाद नव्हे. ते वेगळं बेट, हे क्युबाच्या दक्षिण किनाऱ्याजवळचं गाव, १५१४ सालचं. सांक्ती स्पिरितुस, कामागुएय ही त्याच सुमाराची. कोलंबस वगैरे सगळ्यांनी शाळेत वाचलंय, ते सोडून देऊ. कामागुएयच्या गल्ल्या इतक्या वेड्यावाकड्या की चाच्यांना चकवायलाच तशा केल्या असं तिथे सांगतात. १६६८ ला चाच्यांनी गाव लुटलं हे खरंय, पण मला विचाराल तर गाव वाढलं तसं वाढलं आणि गोष्ट नंतर चिकटली. पाण्याची टंचाई मात्र खरी, म्हणून अंगणाअंगणात पावसाचं पाणी साठवायचे पोटाळे रांजण, ते अजून दिसतात. सिएनफुएगोस उशिराचं, १८१९ चं, फ्रेंच लोकांनी वसवलेलं, म्हणून रस्ते आखल्यासारखे सरळ.

त्रिनिदादचा पैसा साखरेचा, आणि साखर गुलामांच्या कष्टाची. शेजारच्या खोऱ्यात पन्नासावर साखर कारखाने होते, तिथला ४५ मीटर उंच मनोरा मुळात उसात राबणाऱ्यांवर नजर ठेवायला. मनोऱ्यावरची घंटा आता खाली ठेवलीय आणि आजूबाजूला भरतकामाचे पांढरे टेबलक्लॉथ दोरीवर वाळत घातल्यासारखे विकायला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर जमिनीचा कस गेला, लढाया झाल्या, व्यापार सिएनफुएगोसच्या बंदराकडे सरकला आणि त्रिनिदाद मागे पडलं. पाडून नवं बांधायला पैसाच नव्हता, म्हणून जुनं राहिलं. १९८८ ला गाव आणि खोरं दोन्ही जागतिक वारसा यादीत गेलं.

पण आज आपण तिथे जाऊन राहतो कुठे, ही गोष्ट १९९१ नंतरची. सोव्हिएत युनियन कोसळलं, स्वस्त तेल बंद, साखर घेणारं गिऱ्हाईक गेलं, लोकांना खायची भ्रांत. १९९३ ला डॉलर बाळगणं कायदेशीर झालं आणि लोक घरातली खोली पर्यटकांना द्यायला लागले, आधी चोरून. १९९७ ला सरकारने ते कायद्यात बसवलं, यालाच 'कासा पार्तिकुलार' म्हणतात. आपल्याला वाटतं 'पर्टिक्युलर' म्हणजे काहीतरी स्पेशल, तर नाही, कासा म्हणजे घर आणि पार्तिकुलार म्हणजे फक्त खाजगी. जिथे जवळजवळ सगळंच सरकारी, तिथे हा साधा शब्दच केवढा मोठा झाला बघा. दारावर निळी खूण म्हणजे परदेशी पाहुण्यांसाठी.

वाद होता तो टॅक्सचा. खोलीत पाहुणा असो नसो, महिन्याला ठरलेली रक्कम भरायचीच, वर वर्षाअखेरीस उत्पन्नावर वेगळा. सरकारचं म्हणणं, ऐतिहासिक घर मिळालं म्हणून कुणी श्रीमंत होऊ नये. ऐकायला बरं वाटतं, पण सप्टेंबरात, वादळांच्या दिवसांत, चिटपाखरू नसताना मालकीणबाईने ते कुठून आणायचे? त्यात पाहुण्याचा पासपोर्ट नंबर रजिस्टरमध्ये उतरवून वेळेत कळवायचं, चुकलं की दंड. त्यामुळे टिकले ते बहुतेक परदेशातून नातेवाईकांचे पैसे येणारे, ज्यांना बाथरूम नवीन करता आलं, एसी लावता आला, आणि हे नातेवाईक असणारे जास्त करून गोरे, म्हणजे ज्यांच्या पणज्यांनी गुलाम म्हणून ऊस तोडला ते काळे लोक परत मागेच. माझ्या मते हेतू काहीही असो, नियमाचा फटका नेमका चुकीच्या माणसांना बसला.

२००२ ला देशातले जवळपास निम्मे साखर कारखाने बंद केले, मग तर पर्यटन सोडून फारसं उरलंच नाही. २०१० नंतर नियम सैल झाले, २०११ ला घरं विकायची परवानगी आली, त्याआधी फक्त अदलाबदल चालायची. पर्यटकांचा पेसो वेगळा आणि लोकांचा वेगळा हा घोळ जानेवारी २०२१ ला संपवला, तेव्हा जुन्या गाईडबुकात सीयूसीमध्ये, म्हणजे त्या पर्यटकांच्या पेसोत, दिलेले खोलीचे भाव धरून बजेट करू नका.