खांद्याचे पट्टे आवळून ब्रा नीट बसत नाही

लग्नसराईत हमखास फिरणारा सल्ला: ‘ब्रा सैल वाटली की खांद्यावरचे पट्टे आवळा.’ खरं तर बराचसा भार छातीभोवतीचा पट्टा पेलतो. तोच सैल असेल तर खांदे आवळल्यावर तो पाठीमागून वर चढतो आणि खांद्यांवर वळ तेवढे उठतात.

आरशाकडे पाठ करून बघा. पट्टा पाठीवर सरळ आडवा हवा, आत जेमतेम दोन बोटं जावीत. वर चढत असेल तर घेर एक नंबर कमी आणि कप एक अक्षर पुढे घ्या: ३४ बीऐवजी ३२ सी. दोन्हींच्या कपात जवळपास तेवढंच मावतं. नवी ब्रा सर्वांत सैल हुकावर बसणारी निवडा, इलॅस्टिक पुढे सैलावतंच. आणि ब्लाउजचं माप द्यायला तीच घालून जा, नाहीतर टक्स भलत्याच जागी येतात.