वेअरवुल्फ प्रेमकथांतील आघात आणि विश्वास

लांडग्याचे रूप घेऊ शकणारा माणूस, म्हणजे वेअरवुल्फ, नायक किंवा नायिका असलेल्या प्रेमकादंबऱ्यांतील एक प्रमुख कथासूत्र. लैंगिक अत्याचार, मनाविरुद्ध झालेले रूपांतर, कळपातला छळ किंवा जोडीदारानेच केलेला घात सोसलेली व्यक्ती पुन्हा कुणाच्या जवळ कशी येते, हा त्याचा गाभा. इंग्रजीतील ‘पॅरानॉर्मल रोमान्स’, म्हणजे अलौकिक पात्रांच्या प्रेमकथा, आणि त्याला लागून असलेल्या ‘अर्बन फँटसी’, म्हणजे शहरात घडणाऱ्या अद्भुतकथा, या प्रकारांत २००० नंतरच्या दशकात हे सूत्र ठळक झाले. पुढे वॉटपॅडसारख्या ऑनलाइन लेखनाच्या व्यासपीठांवरच्या क्रमशः कथांनी ते जगभर नेले.

वेअरवुल्फ आणि नवराबायकोतला विश्वास यांची सांगड मात्र फार जुनी आहे. बाराव्या शतकात मारी द फ्रान्स हिने लिहिलेल्या ‘बिस्क्लाव्हरे’ या कथाकाव्यातला सरदार आठवड्यातले तीन दिवस लांडगा होऊन रानात राहतो. बायको खनपटीलाच बसते, तेव्हा तो गुपित सांगतो आणि उतरवलेले कपडे कुठे लपवतो तेही सांगून टाकतो. कपड्यांवाचून त्याला पुन्हा माणूस होता येत नाही. ती दुसऱ्या एका सरदाराकरवी ते पळवते आणि त्याच्याशी लग्न करते. पुढे राजामुळे सत्य उघडकीस येते, कपडे परत मिळतात. पण सगळ्यांच्या देखत लांडगा त्यांना शिवत नाही. त्याला लाज वाटत असेल, एकांत द्या, असे एक शहाणा दरबारी सुचवतो. खोलीचे दार बंद होते, आणि काही वेळाने राजाला आपल्या पलंगावर झोपलेला माणूस दिसतो. रूप बदलताना माणूस सर्वांत उघडा असतो आणि त्या वेळी कोणी पाहावे हे त्याने ठरवायचे असते, ही जाण आजच्या चांगल्या वेअरवुल्फ कादंबऱ्यांतही आहे.

आघाताची गोष्ट सांगायला वेअरवुल्फ इतका सोयीचा का, याचे उत्तर शरीरात आहे. एक चावा, आणि आयुष्य कायमचे बदलते. ज्याला चावले त्याला कोणी विचारलेले नसते. त्यानंतर देह आपल्या ताब्यात राहत नाही. आघातानंतरचा मानसिक विकार, म्हणजे पीटीएसडी, अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत १९८० मध्ये आला. त्याची लक्षणे या कथांत जवळजवळ जशीच्या तशी भेटतात: बारीक आवाजाने दचकणे, दाराकडे पाठ करून न बसणे, स्पर्श होताच अंग आखडणे, जुना प्रसंग पुन्हा घडतो आहे असे वाटणे. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ ज्युडिथ हर्मन यांनी १९९२ मध्ये ‘ट्रॉमा अँड रिकव्हरी’ या ग्रंथात सावरण्याचे तीन टप्पे मांडले: सुरक्षितता, आठवणे व शोक करणे, आणि पुन्हा माणसांशी जोडले जाणे. सावरण्याची सूत्रे पीडितेच्याच हाती असली पाहिजेत आणि ते एकटीने होत नाही, यावर त्यांचा भर होता. कादंबरीकारांनी तो ग्रंथ वाचलेला असो वा नसो, कथांची चाल बहुधा याच वाटेने जाते.

या प्रकारातला सर्वांत वादाचा भाग म्हणजे ‘मेट बाँड’. दोन वेअरवुल्फ एकमेकांचे नियत जोडीदार असतात आणि गंध येताच त्यांना ते कळते, असा हा संकेत. ओढ आधीच ठरलेली असली, तर विश्वासाला काय उरते? इथेच कसदार कथा आणि सुमार कथा वेगळ्या होतात. सुमार कथेत बाँड हाच विश्वास मानला जातो: नायक ‘माझी’ म्हणतो, मानेवर मालकीची खूण करतो आणि नायिकेची वर्षांची भीती एका रात्रीत निवते. कसदार कथेत बाँड फक्त ओढ देतो. विश्वास वेगळा कमवावा लागतो, आणि तो कमवण्याचा भार बलवान जोडीदारावर असतो. वेअरवुल्फला समोरच्याच्या भीतीचा वास येतो, हृदयाचे ठोके ऐकू येतात. म्हणजे जखमी व्यक्तीला आपली भीती लपवण्याचीही मुभा उरत नाही. त्या न सांगता कळलेल्या गोष्टीचे जोडीदार काय करतो, हीच खरी परीक्षा. तो दोन पावले मागे सरतो, जमिनीवर बसून आपली उंची कमी करतो, दाराची वाट मोकळी ठेवतो. अशी साधी दृश्ये पौर्णिमेच्या साऱ्या थाटापेक्षा अधिक सांगून जातात.

अमेरिकी लेखिका पॅट्रिशिया ब्रिग्ज यांची ‘अल्फा अँड ओमेगा’ मालिका या संदर्भात अभ्यासण्याजोगी आहे. २००७ मध्ये आलेल्या लघुकादंबरीने तिची सुरुवात झाली आणि २००८ मध्ये ‘क्राय वुल्फ’ ही पहिली कादंबरी आली. नायिका अ‍ॅना हिला शिकागोतल्या कळपाने तिच्या मनाविरुद्ध वेअरवुल्फ केले आहे आणि तिचा अतोनात छळ केला आहे. आपण कळपातल्या सर्वांत खालच्या आहोत, हे तिच्या मनावर ठसवलेले आहे. उत्तर अमेरिकेतल्या वेअरवुल्फांच्या प्रमुखाचा मुलगा चार्ल्स तिथे येतो आणि ती उतरंडीत खाली नसून उतरंडीच्या बाहेरच आहे, ‘ओमेगा’ आहे, हे तिला कळते. इतरांतला लांडगा शांत करणे ही तिची शक्ती. ब्रिग्ज यांची खरी सूक्ष्मता पुढे आहे. दोघांतले लांडगे एकमेकांना लगेच स्वीकारतात, माणसे मात्र मागे राहतात. अ‍ॅनाच्या आतली लांडगी निर्धास्त असते आणि अ‍ॅना स्वतः थरथरत असते. मन एक म्हणते आणि शरीर दुसरेच, हा अत्याचारातून वाचलेल्या अनेकींचा अनुभव इतक्या नेमकेपणाने मांडणारी युक्ती वास्तववादी कादंबरीलाही सहज सापडत नाही.

ब्रिग्ज यांच्याच ‘मर्सी थॉम्सन’ मालिकेत ‘आयर्न किस्ड’ (२००८) या भागाच्या शेवटाकडे नायिकेवर बलात्कार होतो. पुढच्या ‘बोन क्रॉस्ड’ (२००९) मध्ये तिला भीतीचे झटके येत राहतात, आणि अल्फा, म्हणजे कळपाचा प्रमुख, असलेला तिचा जोडीदार अ‍ॅडम, ज्याचा स्वभावच ताबा घेण्याचा, त्याला थांबायला शिकावे लागते. गुन्हेगाराचा निकाल लागला म्हणून जखम भरत नाही, हे मालिका मान्य करते. या प्रकारात नायक छळणाऱ्याला फाडून टाकतो ते दृश्य हमखास असते आणि वाचकाला त्याने समाधानही मिळते; पण सूडानंतरची रात्र लिहिणारे लेखक थोडे.

कॅनडाच्या लेखिका केली आर्मस्ट्राँग यांची ‘बिटन’ (२००१) ही कादंबरी अधिक अवघड जागी हात घालते. एलेनाला चावणारा दुसरा कोणी नसून तिच्यावर जीव टाकणारा क्लेटन आहे. अनाथपणी पालक कुटुंबांत छळ सोसलेल्या एलेनाने ज्याच्यावर विश्वास टाकला, त्यानेच तिला न विचारता तिचे आयुष्य बदलले. क्लेटनचीही लहानपणीच चाव्याने वाताहत झालेली आहे, पण त्यामुळे त्याचा अपराध धुतला जात नाही. ती चिडते, दूर टोरांटोला निघून जाते, वेगळा संसार थाटू पाहते. क्षमेची घाई न करणे हे या कादंबरीचे बळ. तरीही ती अखेर त्याच्याकडेच वळते, याबद्दल वाचकांनी अस्वस्थ राहणे रास्त आहे.

कथांतल्या अल्फाच्या उतरंडीमागे एक वैज्ञानिक धागा आहे. प्राण्यांच्या वर्तनाचे अभ्यासक रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ मध्ये बंदिस्त लांडग्यांच्या निरीक्षणावरून वर्चस्वाच्या झगड्याचे वर्णन केले. लांडग्यांचे अभ्यासक एल. डेव्हिड मेक यांच्या १९७० च्या पुस्तकाने अल्फाची कल्पना लोकप्रिय केली आणि १९९९ मध्ये मेक यांनीच ती दुरुस्त केली: रानातला कळप म्हणजे बहुधा आईबाप आणि त्यांची पिल्ले. वेअरवुल्फ कथांत दोन्ही कळप दिसतात. नायिकेला चिरडणारा कळप त्या बंदिस्त लांडग्यांसारखा असतो, आणि ती ज्यात सावरते तो कुटुंबासारखा: कोणी जेवायला हाक मारते, कोणी रात्री पहाऱ्याला बसते. जोडीदार एकटाच औषध ठरत नाही, हे असे कळप असलेल्या कथांना चांगले ठाऊक असते.

मोबाइलवरच्या क्रमशः कथांत ‘नाकारलेली मेट’ हा साचा फार चालतो. कळपात मोलकरणीसारखी राबवलेली अनाथ मुलगी वयात येते, अल्फाचा मुलगाच आपला मेट असल्याचे तिला कळते आणि तो चारचौघांत तिला नाकारतो. पुढे तिची शक्ती प्रकट होते, त्याला पश्चात्ताप होतो. प्रत्येक भागाच्या शेवटी वाचकाला अडकवून ठेवायचे असल्याने सावरण्याच्या संथ, पुन्हापुन्हा मागे जाणाऱ्या गतीला या रचनेत जागा कमी पडते आणि मत्सर, पाळत, जबरदस्तीची खूण हे प्रेमाचे पुरावे म्हणून खपून जातात. कोवळ्या वाचकांच्या दृष्टीने हा दोष गंभीर आहे. मात्र याच साच्यात काही नायिका परत जात नाहीत. त्या कळप सोडतात, बाँड तोडण्याच्या वेदना सोसतात आणि ज्याच्याशी नियतीने काहीच ठरवलेले नाही असा जोडीदार स्वतः निवडतात.