उपाशीपोटी जीव का घाबरतो?

नवरात्राचा पाचवा दिवस. सकाळी अकराच्या सुमारास शेजारच्या वहिनींनी हाक मारली. जाऊन बघतो तर त्या ओसरीत भिंतीला टेकून बसलेल्या. कपाळावर घाम, हातातली कपबशी खुळखुळ वाजत होती. "भाऊजी, जीव लय घाबरून रायला. छातीत धडधड धडधड करते. मले काही होऊन तं नाई रायलं?"

गुडघे दुखतात म्हणून दवाखान्यात त्यांना वजन कमी करायला सांगितलं होतं. वजन ७८ किलो. त्यांनी मनानंच उपाय ठरवला: सकाळचं जेवण बंद, दिवसभर बिनसाखरेचा काळा चहा आणि संध्याकाळी एकदाच थोडं खायचं. रोज उठल्याबरोबर काट्यावर उभं राहायचं. त्यात नवरात्राचे उपास आले. सासूबाईंनी निंबू उतरवून टाकला होता, कारण त्यांच्या मते हे बाहेरचं होतं. आशाताई आल्या, त्यांनी बोटातून रक्त काढून साखर तपासली. ७६. "साखर तं बरोबर आहे वहिनी, टेन्शन नका घेऊ," असं त्या म्हणाल्या आणि घरातल्या सगळ्यांनी मान डोलावली. म्हणजे हे मनाचेच खेळ, असं ठरलं.

हा लेख लिहायला बसलो तो या शेवटच्या वाक्यामुळे. साखर बरोबर आली म्हणून पोटाचा संबंध संपत नाही. कसा, ते सांगतो.

आपल्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असतं. त्यात एका वेळी विरघळलेलं ग्लुकोज किती असतं? जेमतेम चार-पाच ग्रॅम. म्हणजे चहाचा एक चमचा साखर. आणि एकटा मेंदू दिवसाला सुमारे १२० ग्रॅम ग्लुकोज खातो, तासाला पाच ग्रॅम. हिशोब केला तर रक्तातली साखर मेंदूला तासभरही पुरत नाही. तरीही रात्रभर झोपून सकाळी आपण धडधाकट उठतो, कारण यकृताच्या कणगीत ग्लायकोजेनच्या रूपानं शंभरेक ग्रॅम साठा असतो आणि तिथून माप मोजून साखर रक्तात पडत राहते. स्नायूंमध्ये याच्या तीन-चार पट साठा असतो, पण ती कणगी कुलूपबंद असते. ग्लुकोज मोकळं करून रक्तात सोडायला जे विकर (एन्झाइम) लागतं ते स्नायूंकडे नाही, त्यामुळे त्यांचा साठा त्यांनाच कामी येतो.

रात्रीच्या जेवणानंतर चौदा-पंधरा तास पोटात काही गेलं नाही की यकृताची कणगी बरीच उतरते. मग यकृत प्रथिनांपासून आणि चरबीतल्या ग्लिसरॉलपासून नवी साखर घडवू लागतं. तरीही रक्तातली साखर ७०च्या खाली सरकू लागली की शरीर थांबून बघत नाही. मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या बसलेल्या दोन ग्रंथी आहेत, त्या ॲड्रेनालिन सोडतात. वॉल्टर कॅनन या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९२४ साली प्राण्यांवरच्या प्रयोगांतून हेच दाखवलं होतं. संकट आलं की लढा किंवा पळा, या प्रतिक्रियेची ओळख जगाला करून देणारा हाच कॅनन. वाघ समोर आला तरी ॲड्रेनालिन, साखर उतरली तरी ॲड्रेनालिन.

आता माझ्या सगळ्यात आवडीचा भाग. ॲड्रेनालिन यकृताच्या पेशीत शिरत नाही. ते बाहेरूनच पेशीच्या पडद्यावरच्या ग्राहकावर, म्हणजे रिसेप्टरवर बसतं. कोणी दारावर थाप मारावी आणि आत बसलेल्यानं निरोप पुढं पोचवावा, तसं. आतला हा निरोप्या कोण, ते अमेरिकन शास्त्रज्ञ अर्ल सदरलँड यांनी १९५०च्या दशकात यकृताच्या पेशींवर काम करताना शोधलं. त्याचं नाव सायक्लिक एएमपी. या शोधासाठी त्यांना १९७१ सालचं नोबेल मिळालं. ॲड्रेनालिनचा एक रेणू बाहेर बसला की आत निरोप्याचे कितीतरी रेणू तयार होतात. ते कायनेज नावाच्या एका विकराला जागं करतात, ते कायनेज दुसऱ्याला, दुसरं फॉस्फोरिलेजला, आणि फॉस्फोरिलेज ग्लायकोजेनच्या साखळीतून ग्लुकोजचा एकेक मणी तोडू लागतं. प्रत्येक पायरीवर आकडा वाढत जातो, म्हणून चिमूटभर संप्रेरक मूठभर साखर मोकळी करतं. ही नावं लक्षात राहिली नाहीत तरी चालेल, पण पुढचं वाक्य ध्यानात ठेवा.

हाच ॲड्रेनालिनचा रेणू रक्तातून हृदयाच्या पेशीवरही जाऊन बसतो. तिथंही आत तोच निरोप्या निघतो. फक्त तिथं साखर सुटत नाही, तिथं कॅल्शियम हलतं आणि ठोके जलद, जोरदार पडतात. स्नायूंवर बसला की बोटं थरथरतात. त्याच वेळी मज्जातंतू घामाच्या ग्रंथींना चेतवतात. यकृतात साखर मोकळी होते, त्याच क्षणी छातीत धडधड होते. मेंदूला आतून मिळणारी खबर एकच: ठोके वाढले, हात कापताहेत, घाम सुटला. खरी भीती वाटते तेव्हाही नेमकी हीच खबर असते. मग मेंदू कारण शोधतो, आणि डोक्यात आधीच वजनाचा घोर असेल तर कारण हाताशीच सापडतं.

आणि ७६चं काय? यकृतानं साखर सोडली की आकडा वर येतो. आशाताई येईपर्यंत दुरुस्ती होऊन गेलेली असू शकते. घरगुती यंत्राचं माप थोडं इकडंतिकडं होतं, तेही आहेच. शिवाय निरोगी माणसाची साखर फार खाली सहसा जात नाही, आणि ती याच धडपडीमुळे जात नाही. वर काळ्या चहातलं कॅफिन. त्याचा अर्धा असर उतरायला पाचेक तास लागतात, आणि वहिनींचे अकरापर्यंत तीन कप झाले होते.

उपाशी ठेवल्यानं मनाचं काय होतं, हे १९४४-४५ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटात अॅन्सेल कीज या शरीरशास्त्रज्ञानं तपासलं. ३६ धडधाकट तरुणांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं. त्यांचं वजन जवळपास चतुर्थांशानं घटलं, पण ते चिडचिडे, उदास आणि बेचैन झाले, रात्रंदिवस जेवणाचाच विचार करू लागले. ही स्वयंस्फूर्तीनं आलेली, तपासून घेतलेली माणसं होती. त्यांना कोणाची नजर लागली नव्हती. गाडगेबाबा याच विदर्भात गावोगाव कीर्तनातून अंधश्रद्धेवर प्रश्न विचारत फिरले, तरी आपण अजून घामाला निंबू उतरवतो. आणि "सात दिवसांत पाच किलो" म्हणत पावडरीचे डबे विकणाऱ्यांनाही मी त्याच रांगेत बसवतो. पहिल्या आठवड्यात काटा दोन किलो उतरतो तो मुख्यतः पाण्याचा असतो, कारण ग्लायकोजेनच्या एका ग्रॅमसोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी अडकून असतं. दोन दिवस नीट जेवलं की ते परत येतं, आणि काट्याकडे बघून बाई रडायला बसते.

वहिनींना मी त्या दिवशी उपासाला चालणारे भाजलेले शेंगदाणे, एक केळं आणि पाणी दिलं, आणि श्वास सावकाश सोडायला सांगितला. श्वास लांब सोडला की व्हेगस मज्जातंतू ठोक्यांना लगाम घालतो. ॲड्रेनालिन रक्तात दोन-तीन मिनिटांतच निम्मं होतं, त्यामुळे नवी लाट थांबली की माणूस लवकर सावरतो. पंधराएक मिनिटांनी कपबशी वाजायची थांबली.

पण सगळंच उपासावर ढकलू नका. हिमोग्लोबिन कमी असलं, थायरॉइड वाढलेलं असलं तरी अशीच धडधड होते, तेव्हा एकदा तपासून घ्याच. मधुमेहावरची ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपास धरू नये, त्यांची साखर खरोखर धोक्याइतकी उतरते. पूर्व विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार असलेली पुष्कळ घरं आहेत, त्या रुग्णांना पाणी कमी पडणंही महागात पडतं. छातीत दुखून हात किंवा जबडा भरून आला तर थेट दवाखाना. आणि पोट भरलेलं असूनही घोर सुटत नसेल, झोप उडाली असेल, तर मानसिक आरोग्यासाठीच्या टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर फुकट आहे, मराठीत बोलतात.

वहिनी आता सकाळी नऊला ज्वारीची अर्धी भाकर आणि बरबटीची उसळ खातात, चारला मूठभर फुटाणे. रात्रीचा भात निम्मा केला, संध्याकाळी वेशीपर्यंत चालून येतात. काटा फक्त रविवारी काढतात. वजन हळू उतरतंय, महिन्याला दीड-दोन किलो.

परवा त्यांच्या वावरात कापूस वेचायला आलेली एक बाई धुऱ्यावर मटकन बसली. हात थरथरत होते. दुसरी कोणी मांत्रिकाचं नाव काढायच्या आत वहिनींनी ओटीतला कापूस खाली टाकला आणि विचारलं, "सकाळून काही खाल्लं का वो बाई?"