दिवे विझवले की 50 हर्ट्झचं काय होतं?

5 एप्रिल 2020 ला रात्री 9 वाजता 9 मिनिटं दिवे बंद ठेवायचे होते, तेव्हाचे व्हॉट्सअ‍ॅप फॉरवर्ड आठवतायत ना? कोणी म्हणे करोडो पणत्यांच्या कंपनांनी विषाणू मरणार, कोणी म्हणे अख्खा ग्रिड (वीजकेंद्रं आणि तारांचं देशभरचं जाळं) बसणार. पहिलं शुद्ध थोतांड. ग्रिडची भीती मात्र अगदीच खोटी नव्हती.

बहुतेकांना वाटतं लोड वाढला की फक्त व्होल्टेज पडतं, 50 हर्ट्झ काय, मिक्सरच्या पाटीवर छापलेलं असतं, ते कशाला हलतंय! पण ते सारखं हलत असतं. चंद्रपूरसारख्या थर्मल प्लांटमधला दोन पोलचा (चुंबकाच्या दोन ध्रुवांचा) जनरेटर मिनिटाला 3000 फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला 50, तीच आपली फ्रिक्वेन्सी. जलविद्युतचं टर्बाइन हळू फिरतं म्हणून तिथे पोल जास्त (मिनिटाचे फेरे गुणिले पोल भागिले 120 म्हणजे फ्रिक्वेन्सी, झालं).

आता खरी गंमत. तुम्ही गीझर लावला की जनरेटरच्या वाइंडिंगमधून जास्त करंट जातो, त्या करंटचं चुंबकीय क्षेत्र रोटरला (जनरेटरच्या फिरणाऱ्या भागाला) मागे ओढतं, रसवंतीत एकदम चार ऊस कोंबले की चरक कसा जड होतो तसं, आणि वाफ तेवढीच असेल तर रोटर मंदावतो. कमी पडलेली ऊर्जा पहिले काही सेकंद कुठून येते? रोटरच्याच गतिज ऊर्जेतून, आणि ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्यामुळे वेग 1 टक्का घटला की ऊर्जा जवळपास 2 टक्के घटते. मग गव्हर्नर (टर्बाइनचा वेग सांभाळणारी यंत्रणा) वाफेचा व्हॉल्व्ह उघडतो. लोड घटला की सगळं उलटं, फ्रिक्वेन्सी चढते. व्होल्टेज गल्लीगल्लीत वेगळं असतं, पण रायचूर-सोलापूर लाइनने 31 डिसेंबर 2013 ला दक्षिणेचा ग्रिड जोडला गेल्यापासून काश्मीर ते कन्याकुमारी फ्रिक्वेन्सी एकच.

त्या रात्री मागणी सुमारे 31,000 मेगावॉटने पडली. जलविद्युत केंद्रांनी पटापट उत्पादन खाली आणलं, कारण पाणी आवरायला वाफेइतका वेळ लागत नाही, आणि फ्रिक्वेन्सी 49.70 ते 50.26 मध्येच राहिली.

सोलर पॅनलमध्ये फिरणारं काहीच नसतं, त्यामुळे दुपारी सोलर जास्त आणि थर्मल कमी असताना एखादा मोठा प्लांट ट्रिप झाला (अचानक बंद पडला) तर फ्रिक्वेन्सी जास्त वेगाने घसरते. बॅटरीवाले इन्व्हर्टर हे सेकंदाच्या आत सांभाळू शकतात, फक्त त्यांचं प्रोग्रॅमिंग तसं करावं लागतं.