जॉन सेव्हियर यांची कबर (नॉक्सव्हिल)

अमेरिकेतील टेनेसी राज्याचे पहिले गव्हर्नर जॉन सेव्हियर (२३ सप्टेंबर १७४५–२४ सप्टेंबर १८१५) यांचे दफनस्थान. नॉक्सव्हिल शहरात नॉक्स काउंटीच्या जुन्या न्यायालयाच्या आवारातील हिरवळीवर ही कबर असून तिच्यावर उंच स्मारकस्तंभ आहे. सेव्हियर यांचे अवशेष येथे १८८९ मध्ये आणले गेले. त्याआधी ७४ वर्षे ते आजच्या अलाबामा राज्यात पुरलेले होते.

१८१४ च्या फोर्ट जॅक्सन तहाने क्रीक या मूळनिवासी लोकांकडून सुमारे २ कोटी ३० लाख एकर जमीन काढून घेण्यात आली. तिची सीमा आखण्याच्या कामावर संसद सदस्य असलेल्या सेव्हियर यांची नेमणूक झाली. टॅलापूसा नदीकाठच्या फोर्ट डेकाटर या लष्करी ठाण्याजवळ, सत्तरावा वाढदिवस उलटल्याच्या दुसऱ्याच दिवशी ते वारले आणि तिथेच त्यांना पुरण्यात आले. अलाबामा राज्य तोवर स्थापनही झालेले नव्हते. पुढे ठाणे ओस पडले. टेनेसीतील नॅशव्हिलच्या जुन्या नगर दफनभूमीत त्यांच्या नावाचा स्तंभ उभा राहिला, पण त्याखाली काहीच नव्हते. अखेर टेनेसीने आपला पहिला गव्हर्नर परत आणला, तो नॉक्सव्हिलला. राज्याची पहिली राजधानी हीच असल्याने ही निवड योग्यच म्हणावी लागेल.

स्तंभावरील लेखात सेव्हियर हे फ्रँकलिन राज्याचे गव्हर्नर, टेनेसीचे सहा वेळा गव्हर्नर आणि किंग्ज माउंटनचे वीर म्हणून गौरवलेले आहेत. ३५ लढाया, ३५ विजय असा हिशेबही त्यात आहे. पैकी फ्रँकलिन हे राज्य अधिकृत कधीच नव्हते. नॉर्थ कॅरोलिनाच्या डोंगरापलीकडील वसाहतवाल्यांनी ते १७८४ मध्ये परस्पर घोषित केले आणि चारेक वर्षांत ते मोडले. सेव्हियर यांना राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली. ते निसटले आणि थोड्याच काळात त्याच नॉर्थ कॅरोलिनाच्या सिनेटमध्ये जाऊन बसले! अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धातली ७ ऑक्टोबर १७८० ची किंग्ज माउंटनची लढाई ब्रिटिशधार्जिण्या फौजेविरुद्ध होती. पण ३५ चा आकडा प्रामुख्याने चेरोकी या मूळनिवासी लोकांवरील मोहिमांचा आहे. या मोहिमांत गावे आणि उभी पिके जाळली गेली. स्तंभावर त्याचा उल्लेख नाही. एकोणिसाव्या शतकातल्या गौरवलेखाकडून ती अपेक्षाही नाही, तरी आजच्या वाचकाने तो आकडा तेवढ्याच सावधपणे वाचायला हवा.

दुसऱ्या पत्नी कॅथरिन शेरिल यांचे अवशेषही अलाबामातून १९२२ मध्ये येथे आणून पतीशेजारी पुरण्यात आले. १७८० मध्ये वारलेल्या पहिल्या पत्नी सेरा हॉकिन्स यांचेही स्मारक याच हिरवळीवर आहे. दोघींपासून सेव्हियर यांना एकूण अठरा अपत्ये झाली.

सेव्हियर यांची कबर शहराच्या मध्यवस्तीत असल्याने चालत जाणाऱ्याला सहज सापडते. सर्वच आरंभीच्या गव्हर्नरांबाबत असे नाही. किंग्ज माउंटनच्या लढाईतील त्यांचे सहकारी आणि केंटकीचे पहिले गव्हर्नर आयझॅक शेल्बी हे डॅनव्हिलच्या दक्षिणेस, स्वतःच्या शेतावरील घराण्याच्या दफनभूमीत पुरलेले आहेत. अशा आडवाटेच्या जागा प्रवाशाला कळाव्यात म्हणून अमेरिकेत हमरस्त्यालगत ओतीव धातूचे इतिहासफलक लावतात. व्हर्जिनियाने १९२७ मध्ये ते लावायला सुरुवात केली. केंटकीत ही योजना १९४९ पासून आहे, तर टेनेसीत हे काम राज्याचा ऐतिहासिक आयोग पाहतो. खांबावरच्या पाटीवर नाव, सनावळी आणि दोन-चार ओळींत कर्तृत्व एवढेच मावते. जागा रस्त्यापासून आत असेल तर अंतर व दिशाही दिलेली असते. वाहनांचा वेग वाढल्यापासून चालत्या गाडीतून हा मजकूर वाचता येत नाही. त्यामुळे फलकाजवळ गाडी थांबवण्यापुरती मोकळी जागा ठेवणे हे फलक लावण्याइतकेच गरजेचे झाले आहे.