‘संपूर्ण प्रतिसाद’ आणि मोजायची राहिलेली मळमळ

केमोथेरपीची सुरुवात दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मस्टर्ड वायूवर झालेल्या अभ्यासातून झाली. उलट्या त्या पहिल्या इंजेक्शनांनीही होत. पण त्यांच्यापायी उपचारच अडून राहण्याची वेळ आली ती सिसप्लॅटिनमुळे. अमेरिकेत १९७८ साली मान्यता मिळालेल्या या औषधाने अंडकोशाच्या कर्करोगाचे रुग्ण बरे होऊ लागले. मात्र उलटी थांबवणारे औषध न देता ते दिले, तर दहापैकी नऊहून अधिक जणांना उलट्या होत.

१९८१ मध्ये उलटीवरचे मेटोक्लोप्रमाइड हे औषध नेहमीपेक्षा कितीतरी मोठ्या मात्रेत देऊन पाहिले गेले आणि गुण आला. का आला, हे मात्र उमगेना. हे औषध मेंदूतल्या डोपामिन या निरोप्या रसायनाला अडवते असा समज होता, पण डोपामिन अडवणारी इतर औषधे इतकी लागू पडत नव्हती. पुढे उलगडा झाला. केमोमुळे लहान आतड्याच्या अस्तरातल्या पेशी सेरोटोनिन हे दुसरे निरोप्या रसायन सोडतात आणि व्हेगस नसेतून तो निरोप मेंदूच्या तळाशी जातो. मोठ्या मात्रेत मेटोक्लोप्रमाइड हीच वाट बंद करत होते. उंदरांना उलटी होतच नाही, म्हणून हे प्रयोग फेरेट या मुंगसासारख्या दिसणाऱ्या प्राण्यावर झाले. त्यातूनच १९९०च्या सुमारास ही वाट अडवणारे ओन्डान्सेट्रॉन हे औषध आले. आज ते आपल्याकडे कोणत्याही औषधाच्या दुकानात असते.

याच काळात चाचण्यांमध्ये ‘संपूर्ण प्रतिसाद’ ही संज्ञा रुळली. अर्थ असा : ठरलेल्या वेळेत एकही उलटी नाही आणि वरून जादा औषध द्यावे लागले नाही. मळमळीचा त्यात उल्लेखच नाही. पाच दिवस पोटात ढवळत राहिलेला, फोडणीच्या वासानेही तोंड फिरवणारा, अन्नावरची वासना उडालेला रुग्ण ओकला नाही आणि त्याने जादा गोळी मागितली नाही, तर कागदावर त्याचा प्रतिसाद ‘संपूर्ण’. या व्याख्येची बाजू मांडणारे म्हणतात की उलटी परिचारिकेला मोजता येते, मळमळ फक्त रुग्णच सांगू शकतो. मुद्दा खरा आहे. पण सांगू शकतो, तर त्याला विचारायला हवे होते. वॉर्डात “उलट्या झाल्या का?” एवढाच प्रश्न येतो आणि रुग्ण प्रामाणिकपणे “नाही” म्हणतो.

वेळेच्या हद्दीनेही असाच घोळ घातला. आधीच्या चाचण्यांत मुख्यतः पहिले २४ तास पाहिले जात. १९८५ च्या एका अभ्यासात मोठ्या मात्रेचे सिसप्लॅटिन घेतलेल्या ९३ टक्के रुग्णांना २४ तासांनंतर, पाचव्या दिवसापर्यंत, कमी-अधिक मळमळ किंवा उलट्या झाल्याचे दिसले. सर्वाधिक त्रास दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, म्हणजे बरेच जण घरी परतल्यावर. केमोची एक सायकल, म्हणजे एक फेरी, संपवून माणूस घरी येतो तेव्हा खरा त्रास सुरू होतो, हे घरच्यांना कुणी सांगायची गरज नसते.

ऑस्ट्रेलियात १९८३ साली रुग्णांना सर्वांत जाचक त्रास विचारला, तेव्हा उलटी पहिली आली आणि मळमळ दुसरी. दहा वर्षांनी पुन्हा विचारले तेव्हा उलटी बरीच खाली गेली होती आणि मळमळ पहिली होती. नव्या औषधांचे यश आणि त्यांची मर्यादा या दोन याद्या शेजारी ठेवल्या की दिसते.

२००३ मध्ये आलेल्या अप्रेपिटंट या उलटीवरच्या औषधाने उशिराच्या उलट्या कमी केल्या, मळमळीवर त्याचा जोर तितका चालला नाही. तिला हात घातला तो मुळात मनोविकारांसाठी असलेल्या ओलान्झापिनने. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या चाचणीत ‘मळमळ अजिबात नाही’ हाच मुख्य निकष ठेवला होता. पाचही दिवस मळमळीविना गेलेले रुग्ण ओलान्झापिनच्या गटात ३७ टक्के होते, ते न दिलेल्या गटात २२.

१० मिलिग्रॅमची ती गोळी घेऊन लोक दिवसभर पेंगत. म्हणून मुंबईतल्या एका मोठ्या कर्करोग रुग्णालयाने २.५ मिलिग्रॅमची तुलना १० शी केली. २०२४ मध्ये निष्कर्ष आले : छोटी मात्रा उणी पडली नाही आणि गुंगीही कमी आली. या चाचणीचा निकष होता उलटी नाही, जादा औषध नाही आणि मळमळ नाही किंवा अगदी सौम्य. तो लावल्यावर दोन्ही गटांत निम्म्याहून कमी रुग्ण उत्तीर्ण झाले.