गवार, गाजर आणि पेशीची वाटणी

दहावीची मुले सूत्री विभाजनाच्या, म्हणजे एका पेशीच्या दोन सारख्या पेशी होण्याच्या, आकृत्या सुरेख काढतात. पूर्वावस्था, मध्यावस्था, पश्चावस्था, अंत्यावस्था हा क्रमही त्यांना पाठ असतो. पण ‘चार गुणसूत्रे असलेल्या पेशीत पश्चावस्थेत किती गुणसूत्रे मोजाल?’ असे विचारले, की वर्ग गप्प होतो. आकृती वहीत उतरलेली असते, पण ती डोळ्यांसमोर हललेली नसते. म्हणून हा धडा मी ताट, वाटी आणि भाजी घेऊन शिकवते.

ताट म्हणजे पेशी. ताटाच्या कडेने कणकेची लांब वळी गोल फिरवायची, ते प्रद्रव्यपटल, म्हणजे पेशीचे बाहेरचे आवरण. मधली वाटी म्हणजे केंद्रक. वाटीत गवारीच्या दोन शेंगा, एक लांब आणि एक आखूड, ही आईकडून आलेली गुणसूत्रे, म्हणजे वारसा वाहून नेणारे धागे. त्याच मापाच्या गाजराच्या दोन सळ्या, ही वडिलांकडून आलेली. एकूण चार. यापुढे मी फक्त एवढेच सांगते, की आता या एका पेशीच्या दोन सारख्या पेशी करा.

खरा धडा इथे सुरू होतो, कारण मुले चुकू लागतात. बहुतेक गट एका बाजूला गवार आणि दुसऱ्या बाजूला गाजर ठेवतात. म्हणजे एका पेशीला सगळा वारसा आईचा, दुसरीला वडिलांचा. कुणी शेंग मधोमध मोडते. एकदा एका मुलीने शेंग उभी सोलली आणि विचारले, “बाई, अशी केली तर दोघींना सारखी मिळेल ना?”

हा प्रश्न फार मोलाचा आहे. जर्मनीतल्या कील शहरात वाल्थर फ्लेमिंग यांनी सॅलॅमँडर या पालीसारख्या दिसणाऱ्या उभयचर प्राण्याच्या डिंभांच्या (पिल्लांच्या) पेशी रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या, तेव्हा त्यांना केंद्रकातले धागे असेच उभे दुभंगलेले दिसले. १८८२मध्ये त्यांनी हे सगळे निरीक्षण सविस्तर मांडले. या विभाजनाला त्यांनी दिलेले नाव धागा या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आले आहे आणि आपल्या ‘सूत्री’मध्येही तेच सूत आहे. पण शेंग नुसती सोलली तर प्रत्येकीला अर्धीच शेंग मिळेल. पुढच्या पिढीला पाव. दहा विभाजनांनंतर वाट्याला हजारावा हिस्सासुद्धा येणार नाही. मग वाटणीआधी शेंग दुप्पट झालीच पाहिजे. ती कधी होते?

याचे उत्तर मिळाले तेही एका शेंगवर्गीय झाडाच्या मुळांतच. लंडनमध्ये अल्मा हॉवर्ड आणि स्टीफन पेल्क यांनी बाकल्याच्या रोपांना किरणोत्सारी फॉस्फरस दिला. १९५३मध्ये त्यांनी दाखवून दिले, की नवा डीएनए, म्हणजे गुणसूत्रातला मूळ धागा, विभाजन चालू असताना बनत नाही. तो त्याच्या आधी, दोन विभाजनांच्या मधल्या काळात बनतो. बाहेरून पेशी निवांत बसलेली दिसते, त्याच वेळी आत सगळी नक्कल उतरवली जात असते. त्यामुळे त्या काळाला ‘विश्रांती’ म्हटलेले मला मुळीच पटत नाही.

म्हणून मुलांनी टोपलीतून प्रत्येक शेंगेची आणि सळीची जोडीदार निवडायची, अगदी त्याच मापाची, आणि दोघींना कणकेच्या गोळीने चिकटवायचे. या जोडीतली प्रत्येक शेंग म्हणजे अर्धगुणसूत्र. खऱ्या पेशीत कणकेचे काम कोहेसिन नावाची प्रथिने करतात. चिकटलेल्या आहेत तोवर दोन शेंगा मिळून गुणसूत्र एकच मोजायचे. हे एकदा हाताने केले, की सहसा विसरले जात नाही.

आता वाटी उचलायची, कारण केंद्रकावरण नाहीसे होते. एक गोष्ट मात्र मुलांना सांगावीच लागते. गवार पहिल्यापासून ताठ असते, गुणसूत्र तसे नसते. माणसाच्या एका पेशीतला डीएनए उलगडून टोकाला टोक जोडला तर सुमारे दोन मीटर भरतो आणि केंद्रक असते मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या पाच-दहा पट. केंद्रकाला सहा सेंटीमीटरच्या लाडवाएवढे मोठे केले, तर त्यात वीस किलोमीटर धागा भरलेला असेल आणि तो आपल्या केसापेक्षाही बारीक असेल. नक्कल झाल्यावर तर चाळीस किलोमीटर. एवढे सूत गुंता न होऊ देता आवळून त्याच्या आखूड जाड लडी करायच्या, हे पूर्वावस्थेचे काम. ते दाखवील अशी भाजी मला अजून सापडलेली नाही.

मग येतात शेवया, म्हणजे गुणसूत्रांना दोन्ही बाजूंनी धरणारे तुर्कतंतू. शेंगांच्या जोड्या ताटाच्या मध्यावर रांगेत लावायच्या आणि प्रत्येक जोडीला दोन्ही बाजूंनी शेवई जोडायची. नियम असा, की एकाही जोडीची एक शेवई राहिली असेल तर कणकेला हात लावायचा नाही. पेशीही असेच थांबते. न जोडलेले एकच गुणसूत्र सगळी वाटणी रोखून धरू शकते. ही राखण ढिली पडली तर एका पेशीत गुणसूत्र जास्त जाते, दुसरीत कमी पडते. कर्करोगाच्या गाठींत अशा चुकलेल्या मोजणीच्या पेशी वारंवार आढळतात.

सगळे जुळले, की कणकेच्या गोळ्या एकदमच काढायच्या. आता प्रत्येक शेंग स्वतंत्र गुणसूत्र झाली. मोजा: आठ. सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर हेच.

आता मुले रस्सीखेच केल्यासारखी शेवया ओढायला जातात आणि शेवया तुटतात. तेव्हा मी सांगते, ओढू नका, शेंगेकडच्या टोकापासून थोडी थोडी मोडत जा आणि शेंग तेवढीच पुढे सरकवा. १९८७मध्ये प्राण्यांच्या पेशींत चमकणाऱ्या तंतूंवर लेसरने फिकी खूण करून पाहिले, तेव्हा खूण जवळपास जागेवरच राहिली आणि गुणसूत्र तिच्याकडे सरकत आले. म्हणजे तंतू मुख्यतः गुणसूत्राकडच्या टोकाला सुटा होत जातो आणि गुणसूत्र त्या झिजत्या टोकाला धरून चालत राहते. मला हे दरवेळी नव्याने थक्क करते.

शेवया बनूच दिल्या नाहीत तर? आपल्या रानात पावसाळ्यात फुलणाऱ्या कळलावीत कोल्चिसिन असते. ते तंतू उभारू देत नाही. गुणसूत्रे मग वेगळी न होता जिथल्या तिथे अडकून पडतात, आणि म्हणून मोजता येतात. माणसाच्या पेशीत ४८ गुणसूत्रे आहेत, असे तीसहून अधिक वर्षे मानले जात होते. स्वीडनमधल्या लुंड इथे जो हिन चिओ आणि अल्बर्ट लेवान यांनी कोल्चिसिन वापरून ती नीट मोजली आणि १९५६मध्ये ४६ हा आकडा प्रसिद्ध केला. अंगणातल्या सदाफुलीतले व्हिन्क्रिस्टिनही तंतू जुळू देत नाही. लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर ते आजही दिले जाते. कळलावी मात्र अत्यंत विषारी आहे, हे वर्गात दोनदा सांगते.

शेवटी कणकेची वळी मध्ये दाबत न्यायची, की दोन पेशी. ही झाली प्राण्याची पेशी. दुसऱ्या दिवशी कांद्याच्या मुळाच्या टोकाची काचपट्टी पाहताना मुले अशी खाच शोधत राहतात आणि ती सापडत नाही. वनस्पतीच्या पेशीला ताठ भित्तिका असते, ती चिमटता येत नाही. तिथे मधोमध नवे पेशीपटल तयार होते आणि कडांकडे वाढत जाते. बहुतेक पेशी विभाजनाच्या मधल्या काळातच असतात, त्यामुळे मुलांना बराच वेळ गोल केंद्रकेच दिसतात. मग अचानक कुणाला तरी मधल्या रांगेत उभी राहिलेली गुणसूत्रे दिसतात. “बाई, गवार!” अशी हाक येते. कांद्यात ती १६ असतात.

‘अन्नाशी खेळू नये’ हे मीही घरी ऐकतच वाढले आणि मला ते मनापासून मान्य आहे. म्हणून हे काम प्रयोगशाळेत, रसायनांच्या टेबलावर करायचे नाही. हात धुऊन, स्वच्छ ताटांत, वर्गातच करायचे. नंतर गवार निवडून, धुऊन ज्याच्या घरी हवी त्याच्या घरी जाते. त्या दिवशीचे हिशेब घरी आईला सांगत जेवल्याचे मुले येऊन सांगतात.

गेल्या खेपेला डब्यातले केळे सोलता सोलता एकाने विचारले, की याला बिया का नसतात. आम्ही पुन्हा ताट मांडले. बीजपेशी बनवणाऱ्या अर्धगुणसूत्री विभाजनात सारख्या मापाची गवार आणि गाजर आधी शेजारी येऊन जोडी जमवतात, मग वेगळी होतात. पण आपल्या खाण्यातल्या बहुतेक केळ्यांत प्रत्येक मापाची गुणसूत्रे तीन असतात, अकरा त्रिक म्हणजे ३३. तिसऱ्यासाठी मुळ्याची सळी घेतली. एका मापाची गवार आणि गाजर जोडीला लागली, मुळा उरला. दुसऱ्या मापात गवार आणि मुळा जमले, गाजर उरले. “आता हे उरलेले कुठल्या पेशीत टाकायचे?” मुलगा विचारत होता, आणि सळी त्याच्या हातातच होती.